रिकामा काटा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात वजनकाट्याशेजारी एक स्टीलची वाटी ठेवलेली असते. बाळ काट्यावर जाण्याआधी त्याच्या अंगावरचं सगळं त्या वाटीत उतरवायचं, असा माझा नियम आहे. वाळे, तोडे, मनगट्या, कमरेची साखळी, गळ्यातला ताईत, काय असेल ते. झबलं आणि लंगोट आईच्या हातात. कमरेचा काळा करदोटा मात्र मी राहू देते. नवे आईबाप कधीकधी विचारतात, "मॅडम, एवढ्याशा वाळ्यानं काय फरक पडतो?" मी "पडतो" एवढंच म्हणते. माझा आवाज मुळातच जरा चढा आहे, त्यामुळे पुढे कोणी विचारत नाही. वाटीमागची गोष्ट तीस-एक वर्षांत मी कोणाला सांगितली नव्हती. सांगायला मला आवडत नाही, कारण तिच्यात माझी चांगलीच शोभा झालेली आहे.

मी मूळची साताऱ्याची. लहानपणी मला सारखा घसा धरायचा आणि आई मला आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे घेऊन जायची. त्यांच्या गुलाबी औषधाची चव अजून जिभेवर आहे. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे, एका खाचेएवढा एक डोस. पण औषधापेक्षा जास्त आठवते ती त्यांची एक सवय. माझ्याकडे बघण्याआधी ते खुर्चीत मागे टेकायचे आणि आईला विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं, बाई?" की आई सुटलीच. मी शाळेतून भिजून आले इथपासून शेजारणीनं कुठला काढा सांगितला इथपर्यंत सगळं यथासांग व्हायचं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत ऐकत बसायचे. मला वाटायचं, हे डॉक्टर आहेत की आईची मैत्रीण? पुढे मी स्वतः मुलांची डॉक्टर झाले तेव्हा मनाशी ठरवूनच टाकलं होतं, आपण असा वेळ घालवायचा नाही.

लग्न होऊन सांगलीत आले आणि पहिला दवाखाना थाटला तो पलूसला. सांगलीत मुलांचे डॉक्टर आहेत, पलूसला नाहीत, असं माझ्या सासऱ्यांचं म्हणणं. खतांच्या दुकानावरच्या दोन खोल्या मिळाल्या. खालून युरियाच्या पोत्यांचा आणि औषधफवारणीच्या डब्यांचा वास वर यायचा, आणि माझ्याकडच्या स्पिरिटचा वास खाली जायचा. बाकावर माणसं मावायची नाहीत, ती जिन्यात बसायची. आल्या आल्या एखादी बाई पिशवीतून द्राक्षांचा घड काढून टेबलावर ठेवायची आणि मग पोराला पुढे करायची. संध्याकाळी एसटीत बसले की माझ्या साडीला पोरांच्या लाळेचा, द्राक्षांचा आणि खताचा असा मिळून एक वास यायचा. तेव्हा मी नाक मुरडत असे. आता विश्रामबागेत एअरकंडिशनर लावून बसते आणि तो वास आठवला की उगाच जीव हळहळतो.

पहिल्या वर्षातच मला कळलं की आईबापांच्या काळज्या ठरलेल्या असतात. खात नाही. दूध टाकतंय. शी हिरवी झाली. दात येतायत म्हणून जुलाब होतायत. आमच्या जावेचं ह्याच महिन्यातलं आहे, कसं गुटगुटीत आहे बघा! ह्या प्रत्येक काळजीवर माझ्याकडे एकेक वाक्य तयार होतं. समोरच्या बाईचं बोलणं अर्ध्यावर आलं की मी ते वाक्य तिच्या हातात ठेवायची आणि पुढचं कार्ड उचलायची. "दूध सगळीच बाळं टाकतात," हे त्यातलं सगळ्यात जास्त वापरून गुळगुळीत झालेलं. शिवाय गुटी बंद करा, डोळ्यांत काजळ घालू नका, कानात तेल सोडू नका. पलूसच्या बायका मला भीत असाव्यात, आणि तेव्हा मला ते आवडत असे.

माझा सगळा भरवसा होता वजनकाट्यावर. तेव्हाचा काटा म्हणजे एक पांढरं पसरट ताट आणि समोर दांडीवर सरकणारी दोन वजनं. बाळ हातपाय झाडत असलं की दांडी खालीवर नाचायची, मग हळूहळू आडवी थांबायची. ती थांबली की मला बरं वाटायचं. आया घाबरून सांगतात, आज्या वाढवून सांगतात, बाप काहीच सांगत नाहीत. खरं बोलतो तो एकटा काटा, असं मी घरी जेवताना ऐटीत म्हणत असे.

ते कुटुंब पलूसजवळच्याच एका वस्तीवरचं, उसाच्या शेतीवरचं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, तिचं सासर फलटणकडचं आणि नवरा फौजेत. बाळ दहा दिवसांचं असताना ती आणि तिची आई त्याला घेऊन माझ्याकडे आल्या. त्या दिवशी दवाखान्यात फारसं कोणी नव्हतं. मी बाळाला उघडं करून निवांत वजन केलं, दोन किलो नऊशे, आणि कार्डावर लिहिलं. मुलगा होता, नाकीडोळी नीटस, रडणं खणखणीत.

दोन दिवसांनी बारसं झालं. त्यासाठी बाप सरहद्दीवरून सुट्टी काढून आला होता. त्यानं स्वतःच्या हातानं लेकाच्या कमरेला चांदीची साखळी घातली आणि दोन-चार दिवसांत परत गेला. मामानं तोडे आणले, आत्यानं वाळे, आजीनं करदोटा बांधला. हे सगळं मला फार नंतर कळलं.

बाळ पाच आठवड्यांचं झालं तेव्हा त्या मायलेकी पुन्हा आल्या. नेमका बाजाराचा दिवस होता. जिना खालपर्यंत भरलेला, दोन पोरं एका सुरात रडत होती, आणि मी सकाळपासून तेच ते बोलून कंटाळले होते.

"आवं बाई, प्वार दूध टाकतंय," आजी म्हणाली.

"सगळीच बाळं दूध टाकतात, आजी."

"तसं न्हवं. ह्ये लांब उडतंय. पार भितीला जाऊन लागतंय. आन टाकलं की लगीच पुन्यांदा मागतंय. लय भुकेलं असतंय बगा."

मी तोवर पुढचं कार्ड हातात घेतलं होतं. "वजन करू या म्हणजे कळेल. अंगावरचं काढा."

मुलीनं झबल्याला हात घातला आणि साखळीशी थांबली. "ही राहू दे ना, बाई," ती हळूच म्हणाली. "त्यांनी सोताच्या हातानं घातलीया. पुन्यांदा सुट्टीवर येस्तवर काढू नगा म्हनून सांगून गेल्यात." बाहेर गारठा होता. एरवी मी वाद घातला असता, त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं. "असू दे, ठेवा तसंच," मी म्हटलं. तसंच म्हणजे कुंचीसकट, दुपट्यासकट आणि चांदीसकट.

दांडी थांबली. तीन किलो तीनशे.

"चारशे ग्रॅम वाढलंय," मी म्हटलं. "थोडं कमी आहे, पण वाढतंय ना? पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा. काही झालेलं नाही त्याला."

आजी जागची हलेना. तिनं दुपट्याखाली हात घालून करदोटा धरला. "बारशाला ह्यो करगोटा बांधला तवा ह्यात बोट जाईना. आता दोन जात्यात. बगा की तुमी घालून."

इथे माझा पारा चढला. "आजी, मी काट्यावर विश्वास ठेवू का तुमच्या दोऱ्यावर?" मी सगळ्यांच्या देखत म्हटलं. जिन्यात कोणीतरी फिसकन हसलं. आजीनं करदोटा सोडला, बाळाचं दुपटं नीट केलं आणि उठली. मुलगी तिच्या मागोमाग गेली. बाळ माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. करदोट्यात बोट घालून बघायला किती वेळ लागला असता? मी घातलं नाही.

तीन दिवसांनी मी दवाखाना उघडायला गेले तर ती माणसं माझ्याआधीच जिन्यात बसलेली. बरोबर आजोबाही होते, त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. बाळ आईच्या मांडीवर डोळे मिटून पडलं होतं. बाजाराच्या दिवशी निदान रडत तरी होतं.

मी कुलूप काढलं. आजोबा सरळ काट्यापाशी गेले, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि ताटात ठेवली.

"बाई, आदी ह्याचा काटा करा."

"काय आहे ह्यात?"

"करा तर खरं."

त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, म्हणून मी वजनं सरकवली. दोनशे साठ ग्रॅम. मग त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत साखळी होती, तोडे होते, वाळे होते. आजीनं पिशवीतून कुंची, झबलं आणि दुपटं काढून त्यावर ठेवलं. दांडी पुन्हा हलली आणि चारशेच्या अगदी जवळ जाऊन थांबली.

"आमी कारखान्यावर ऊस घालतो," आजोबा सांगू लागले. "गाडी आली की उसासकट काट्यावर घेत्यात. ऊस उतरला की रिकामी गाडी पुन्यांदा काट्यावर. रिकाम्या गाडीचा काटा वजा केल्याबिगार ऊस किती आला त्ये कळतंय व्हय? तुमी भरल्या गाडीचा काटा केला, बाई. रिकामा काटा ऱ्हायला."

तो माणूस मला शिकवायला आला नव्हता. गर्दीच्या गडबडीत माझ्याकडून राहून गेलं असेल, असंच त्याला मनापासून वाटत होतं. माझे मात्र कान तापले होते. ज्या चारशे ग्रॅमच्या जोरावर मी त्या बाईला सगळ्यांत हसं करून परत पाठवलं, ते चारशे ग्रॅम माझ्यासमोर ताटात पडले होते. पदवीच्या वेळी मिळालेलं पदक घरच्या कपाटात होतं, त्याचीसुद्धा लाज वाटली.

मी बाळाला उघडं करून काट्यावर ठेवलं. दोन किलो आठशे. दहाव्या दिवशी होतं त्यापेक्षा कमी. टाळू खोल गेलेली, मांडीची कातडी सैल. करदोट्यात बोट घातलं तर तो दोरा कमरेवर नुसता टेकलेला होता.

मी खुर्चीवर बसले. "सांगा, आजी," मी म्हटलं. "तुम्हाला काय वाटतं?" साताऱ्याच्या डॉक्टरांचं ते वाक्य इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून कसं आलं, मला सांगता येणार नाही. आजीनं एकदा माझ्याकडे नीट बघितलं आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. ह्या वेळी मी एकदाही मध्ये बोलले नाही.

मग मुलीला तिथेच बाळाला पाजायला सांगितलं आणि मी त्याच्या पोटाकडे बघत बसले. थोड्या वेळानं डाव्या बरगडीखाली एक फुगवटा उठला आणि सावकाश उजवीकडे सरकत गेला. मागोमाग दूध उडालं ते थेट माझ्या साडीवर. बेंबीच्या वर, उजव्या बाजूला बोटांना बोराएवढी घट्ट गाठ लागली. जठरातून आतड्यात जायची वाट जाड होऊन बंद होत आली होती. तान्ह्या मुलग्यांत, त्यातही पहिल्या मुलग्यांत, हा आजार जास्त दिसतो. मी परीक्षेत त्यावर दोन पानं उत्तर लिहिलं होतं. दूध लांबवर उडतं आणि बाळ टाकल्याबरोबर पुन्हा मागतं, असं पुस्तकात दिलेलं होतं. आजीनं भरल्या दवाखान्यात मला जवळजवळ तेच शब्द ऐकवले होते.

ऑपरेशन लागणार होतं, आणि ते करणारे सर्जन मिरजेला होते. आजोबांनी स्टँडवरून वडापची, माणसं भरून नेणारी, एक जीप ठरवून आणली. मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसले. कोणी मला चला म्हटलं नव्हतं. मिरजेच्या सर्जननी बाळ बघितलं आणि म्हणाले की अंगातलं पाणी पार आटलंय, आधी दोन दिवस सलाइन द्यावं लागेल, त्याशिवाय टेबलावर घेता येणार नाही. तीन दिवस आधी आलं असतं तर, एवढंच म्हणून ते थांबले. 

ते दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. पलूसचा दवाखाना बंद ठेवून मी रोज सांगलीहून मिरजेला जात होते आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्यांच्यात बसत होते. मुलीच्या मुठीत ती रुमालाची पुरचुंडी असायची. "त्यांना कळवू नगा," ती वडिलांना सारखी सांगायची. "मी साखळी काढली म्हनून झालं म्हनतील." ती काढली म्हणूनच कळलं, ती राहू दिली ही चूक माझी, असं मी तिला सांगायला हवं होतं. पण मी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला स्वतःला इतकी भीती वाटत होती की बोलले असते तर रडू फुटलं असतं.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी बाळाला पहिल्यांदा चमच्यानं थोडं दूध दिलं आणि आम्ही चौघं त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. एक तास गेला. दूध पोटात राहिलं. आजोबा बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

महिन्याभरानं आजी बाळाला घेऊन पलूसला आली. गाल वर आलेले, मनगटाला वळी पडलेली. तिनं न सांगता सगळी चांदी उतरवली. "करगोटा बदलला बगा," ती म्हणाली. "आदीचा तटतटला." तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. माफी मागायची तर तीच वेळ होती. शब्द ओठांपर्यंत आले आणि मी ते गिळले. डॉक्टरनं चूक कबूल केली तर माणसांचा विश्वास उडतो, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण एवढंच की मला जड गेलं. त्याच संध्याकाळी बाजारातून मी ती स्टीलची वाटी आणली.

पुढे त्या वस्तीवरून, आजूबाजूच्या गावांवरून माझ्याकडे माणसांची रीघ लागली. मला वाटलं, बिचाऱ्यांनी माझी चूक झाकून घेतली. मी बायकांचं बोलणं पुरतं ऐकायला शिकले. त्यांच्या बाळांच्या करदोट्यात बोट घालून बघायला शिकले. काटा आणि करदोटा एकच सांगत असतील तर ठीक, नसतील तर बाळाला पुन्हा तपासायचं, ही सवय लागली ती आजतागायत. काही वर्षांनी गुडघ्यांना तो जिना सोसेना, म्हणून पलूस सोडलं आणि विश्रामबागेत आले. शेवटच्या दिवशी खालच्या खताच्या दुकानात उगीचच थोडा वेळ बसून राहिले होते.

आणि परवा एक सहा फुटी तरुण दारातून वाकून आत आला. मागे त्याची बायको, तिच्या कुशीत दोन महिन्यांची मुलगी. तरुणानं बसायच्या आधी मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, ह्या ॲपमध्ये बेबीचं वजन पंचविसाव्या रेषेवर दाखवतंय. पन्नासाव्या रेषेवर पाहिजे ना? आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांच्या मुली वर आहेत." जावेच्या गुटगुटीत पोराची जागा आता ग्रुपमधल्या मुलींनी घेतली आहे, एवढाच काय तो फरक, असं मनात येऊन मला हसू आलं.

तेवढ्यात सर्वांत मागून एक बाई आत आली. डोक्यावर पदर, केस पांढरे होत आलेले. तिनं कोणी काही सांगायच्या आत नातीचं झबलं काढलं, वाळे काढले, कमरेची जुनी साखळी काढली आणि सगळं वाटीत ठेवलं. साखळीवरून मी आधी ओळखलं, मग चेहऱ्यावरून.

"ह्योच त्यो, बाई," ती लेकाकडे बोट दाखवत म्हणाली. "मिरजेचा. पोटावर अजून रेघ हाय."

मी त्या दांडगटाकडे बघतच राहिले. दोन किलो आठशे, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्याला काहीच कळलं नाही, तो मोबाइल घेऊन तसाच उभा होता. मी त्याच्या मुलीचं वजन केलं. चांगलं वाढलं होतं, आणि पंचविसावी रेषा म्हणजे शंभरातली पंचवीस मुलं हिच्यापेक्षा हलकी, त्या रेषेवरची मुलंही अगदी धडधाकट असतात, हे त्याला सावकाश समजावून सांगितलं. मग त्याच्या आईला विचारलं, "आजी कशा आहेत?"

"आय गेली गेल्या वर्साला. झोपेतच गेली, तरास न्हाई काय."

 इतकी वर्षं मी ते उद्यावर टाकत आले होते, आणि आता उद्या उरला नव्हता. मुलगा, सून ऐकत होती, तरी मी म्हटलं, "मी त्या दिवशी त्यांना सगळ्यांसमोर बोलले. चूक माझी होती. माफी मागायची राहून गेली."

ती बाई चक्क हसली. "आवं, कसली माफी! आयनं तर सारी वस्ती तुमच्याकडं धाडली. ज्याला त्याला सांगत सुटायची, पोराला त्याच बाईकडं न्या म्हनून."

"माझी चूक सांगून?"

"व्हय की. म्हनायची, दुसऱ्या डाक्टरचं काय खरं न्हाई, त्यो अजून चुकायचा हाय. ही चुकलीया. आमच्या पोरापायी चार दिस मिरजेच्या बाकड्यावर बसलीया. आता ही जल्मात चुकायची न्हाई."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, तरी समोरचं धूसरच दिसत होतं. मग मी खाली वाकले आणि त्या पोरीच्या करदोट्यात बोट घालून पाहिलं. जात नव्हतं.